आधी देऊळ बघा, मग शैलीचं नाव घ्या. सूफी विचारही तसाच वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘देवळांच्या नागर, द्राविड, वेसर या शैलींची लक्षणं पाठ आहेत, पण प्रत्यक्ष देवळापुढे उभं राहिलं की काहीच ओळखता येत नाही. फना, बका, वहदत-उल-वुजूद या सूफी कल्पनांचंही तसंच, शब्द येतात पण आत काही उमटत नाही. आणि अभ्यासक्रमात हे दोन विषय शेजारी शेजारी का ठेवलेत?’

गेली पंचवीसेक वर्षं मी देवळांची मोजमापं घेतो, आराखडे काढतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन हिंडतो. ही अडचण मला दर वर्षी ऐकू येते. तिचं कारण मला एकच दिसतं. आपण नावापासून सुरुवात करतो आणि मग देवळात ते नाव शोधतो. करणाऱ्याने उलट केलं होतं. त्याने आधी जमिनीवर दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, मग दगडावर दगड चढवला. त्याच क्रमाने गेलं तर शैली आपोआप उलगडते.

म्हणून देवळासमोर पोचल्यावर लगेच शिखराकडे मान वर करू नका. मूळ गाभाऱ्याला बाहेरून एक प्रदक्षिणा घाला आणि भिंत किती वेळा पुढे येते, किती वेळा मागे जाते ते मोजा. आतला गाभारा बहुतेक वेळा साधा चौरस असतो, पण बाहेरची भिंत सरळ नसते. मधला भाग सर्वांत पुढे आलेला असतो, तो भद्र. कोपऱ्याचा भाग कर्ण. दोन्हींच्या मध्ये आणखी एक भाग पुढे आला असेल तर तो प्रतिरथ. एका बाजूला असे तीन भाग दिसले तर त्रिरथ, पाच दिसले तर पंचरथ, सात दिसले तर सप्तरथ. आता भद्राच्या एका कडेवर नजर ठेवा आणि ती कड धरून वर चढत जा. पीठ म्हणजे खालचं जोतं, जंघा म्हणजे मधली भिंत आणि छज्जा ओलांडून तीच कड शिखरात शिरली आणि वाकत वाकत थेट शिखराच्या मानेपर्यंत गेली, तर तुम्ही नागर देवळापुढे उभे आहात. वरच्या आवळ्यासारख्या चपट्या खाचदार चकतीला आमलक म्हणतात आणि त्यावर कळस, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नागर शैली खरी राहते ती या उभ्या, न तुटणाऱ्या रेषेत.

द्राविड देवळात नजर अशी सलग चढूच शकत नाही. ती दर मजल्याला अडते. भिंत संपते तिथे कपोत, म्हणजे गोलसर छज्जा, आडवा येतो, त्यावर छोट्या छोट्या देवळ्यांची माळ बसते, मग थोडा लहान मजला, पुन्हा कपोत, पुन्हा माळ. या माळेला हार म्हणतात. कोपऱ्यावरची चौरस, घुमटीची देवळी म्हणजे कूट आणि मधली लांबट, गाडीच्या टपासारख्या छताची देवळी म्हणजे शाला. एक कूट आणि एक शाला बोट दाखवून ओळखता आली की द्राविड शैली अर्धी समजली. इथे शब्दांची एक गफलत नेहमी होते. द्राविड परंपरेत संपूर्ण उंच भागाला विमान म्हणतात आणि ‘शिखर’ म्हणजे फक्त सर्वांत वरची टोपी. तंजावरचं राजराजाचं बृहदीश्वर 1010 मध्ये पूर्ण झालं. त्याची साठ मीटरहून जास्त उंची म्हणजे विमानाची उंची. नागरमध्ये मात्र शिखर म्हटलं की छज्जाच्या वरचं सगळंच आलं.

नागरमध्येही एकच साचा नाही. एकच सुळका असेल तर लतिन. खजुराहोच्या कंदारिया महादेवासारखं मुख्य शिखराला त्याच्याच छोट्या प्रतिकृती चिकटून वर चढत असतील तर शेखरी. त्या चिकटलेल्या प्रतिकृती म्हणजे उरःशृंगं. ओडिशात रेखा देऊळ (उंच, वाकत्या शिखराचं) आणि पिढा देऊळ (पायऱ्यापायऱ्यांच्या छताचं) ही स्थानिक नावं वापरा, तिथले कारागीर तीच वापरत. मराठी माणसाने मात्र सगळ्यांत जास्त वेळ द्यायला हवा तो भूमिजला, कारण आपल्याकडची उत्तम देवळं त्या प्रकारची आहेत आणि आपल्यालाच ते नाव ठाऊक नसतं.

सिन्नरच्या गोंदेश्वराला जा. एका मोठ्या चौथऱ्यावर मधोमध शिवाचं मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, असं हे पंचायतन आहे. मुख्य शिखराच्या एका बाजूला, थोडं लांब उभे राहा. मधोमध खालून वर जाणारा एक रुंद पट्टा दिसेल, जाळीसारख्या गवाक्षांनी विणलेला. ती लता. अशा लता चार दिशांना चार. त्यांच्या पायथ्याशी मोठी कमानदार नक्षी आहे, तिला शूरसेनक म्हणतात. आता दोन लतांच्या मधल्या भागाकडे बघा. तिथे बारीक खांबांवर बसलेली इवलीइवली शिखरं ओळीने मांडली आहेत. एक ओळ, तिच्यावर थोडी लहान दुसरी, मग तिसरी. या आडव्या ओळी म्हणजे भूमी, त्यावरूनच नाव पडलं. लता तुम्हाला उभं खेचते आणि भूमी आडवं थांबवते. मी विद्यार्थ्यांना इथे वहीत फक्त एक चतुर्थांश शिखर काढायला लावतो. ओळी मोजून, खालून वर, प्रत्येक छोटं शिखर वेगळं. तासभर लागतो, पण त्यानंतर भूमिज शिखर कुठेही दिसलं तरी त्यांची चूक होत नाही. मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर परमार उदयादित्याने 1080 च्या सुमारास पूर्ण केलं, तेही याच घरातलं. भोज राजाच्या नावावरच्या समरांगणसूत्रधार या ग्रंथात भूमिज प्रासादांची चर्चा आहे. म्हणजे माळवा, खानदेश, नाशिक, कोकण हा एक जोडलेला पट्टा होता आणि कारागिरांचं ज्ञान त्यातून फिरत होतं. त्याच भोजाच्या भोजपूरला देऊळ अपुरं राहिलं. शेजारच्या खडकावर देवळाच्या भागांचे आराखडे कोरलेले आजही दिसतात. कागदावरच्या व्याख्या वाचून कंटाळलेल्या माणसाने त्या रेघा एकदा पाहाव्यात.

अनेक भूमिज देवळांचा पाया तारकाकृती असतो. तोही घाबरण्यासारखा नाही. एक चौरस घ्या, मध्याशी खुंटी ठोका आणि तो चौरस थोडा थोडा फिरवत जा. फिरलेल्या चौरसांचे कोपरे जिथे बाहेर येतात तिथे ताऱ्याची टोकं तयार होतात. कर्नाटकातल्या होयसळ राजांच्या देवळांतही तारकाकृती पाया आहे, पण तिथला दगड वेगळा. तो खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि हवेत घट्ट होतो, म्हणून बेलूरचं दागिन्यासारखं बारीक काम निघालं. आपला बेसाल्ट तसं करू देत नाही. त्यात काम ठसठशीत येतं आणि सावल्या खोल पडतात. हे कमी-जास्तीचं मोजमाप नाही, दगडाचा स्वभाव आहे.

आता ‘हेमाडपंती’. महाराष्ट्रात काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की आपण हा शब्द वापरतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही माझ्या टिपणांत अंबरनाथपुढे हेच लिहिलं होतं, आणि ते चूक आहे. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इ. स. 1060, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. हेमाद्री जन्मण्याच्या कितीतरी आधी हे देऊळ उभं होतं. लोक ज्याला हेमाडपंती म्हणतात ती खरं तर बांधणीची रीत आहे. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत खाचांनी अडकवायचे आणि वजनावर तोल सांभाळायचा. ही रीत हेमाद्रीच्या आधीपासून होती. म्हणून उत्तर लिहिताना बांधणी आणि शैली वेगळ्या सांगा: ‘शुष्कसांधी बांधणीचं, भूमिज शिखराचं देऊळ’. एवढ्या एका वाक्याने वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही देऊळ पाहिलंय. अंबरनाथला गेलात तर मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं तेही लक्षात ठेवा. बाहेर गजथर, नरथर म्हणजे हत्ती आणि माणसं कोरलेल्या थरांची गर्दी आणि आत एकदम खाली, अंधारात, जवळजवळ काहीच नाही. त्या उतरण्यात देवळाचा अर्धा अर्थ आहे असं मला वाटतं.

वेसर सर्वांत जास्त गोंधळाचं. संस्कृतात वेसर म्हणजे खेचर, म्हणून नागर आणि द्राविडचा संकर अशी व्याख्या रूढ झाली. पण काही दाक्षिणात्य शिल्पग्रंथांत नागर म्हणजे चौरस, द्राविड म्हणजे अष्टकोनी आणि वेसर म्हणजे गोल, असं आकारावरून वर्गीकरण आहे. हे दोन अर्थ एकाच परिच्छेदात मिसळले की उत्तर बिघडतं. तुमच्या कामापुरतं असं धरा: कर्नाटकातल्या द्राविड परंपरेतच कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात भिंतीचे पदर वाढले, मजले दाबले गेले आणि मधल्या कोनाड्यांची उभी रांग इतकी ठळक झाली की आडव्या मजल्यांमधूनही नजर वर चढायला लागली. इटगीचं 1112 चं महादेव देऊळ हे त्याचं उत्तम उदाहरण. त्या शिलालेखात त्याला ‘देवालय चक्रवर्ती’ म्हटलंय, आणि पाहिल्यावर ते पटतं.

शैली म्हणजे प्रदेशाची भिंत नव्हे, हे कळायला कर्नाटकातल्या पट्टदकलसारखी जागा नाही. राणी लोकमहादेवीने पती, चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याच्या कांचीवरच्या विजयाप्रीत्यर्थ आठव्या शतकात विरूपाक्ष बांधवलं, तेही कांचीच्या कैलासनाथाचा आदर्श समोर ठेवून. म्हणजे पक्कं द्राविड. आणि त्याच आवारात काशीविश्वनाथ आणि गळगनाथ ही नागर शिखरांची देवळं आहेत. पापनाथाची तर भिंत द्राविड वळणाची आणि वर शिखर नागर. एकाच नदीकाठी, एकाच घराण्याच्या राज्यात. म्हणून ‘नागर म्हणजे उत्तर, द्राविड म्हणजे दक्षिण’ हे अर्धसत्य सोडून द्या. ते सोडलं की वेरूळचं कैलास समजतं. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळाशी जोडलं जाणारं, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं ते लेणं महाराष्ट्राच्या मधोमध आहे आणि संपूर्ण द्राविड आहे. कांची, पट्टदकल, वेरूळ अशी ती वाट आहे.

कैलासापासून चार-पाच किलोमीटरवर, घाट चढून गेलं की खुलताबाद लागतं. जुनी माणसं त्याला रौजा म्हणतात. तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीचे प्रतिष्ठित लोक दौलताबादला हलवले. त्या स्थलांतराच्या काळात दिल्लीचे चिश्ती पंथाचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनेत आले. 1337 मध्ये ते वारले. त्यांचा दर्गा इथे आहे, त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी यांचाही आहे. निजामुद्दीनांची संभाषणं लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्जी हेही इथेच चिरविश्रांती घेत आहेत.

सूफी शब्द समजायचे तर आपल्या बोलीतल्या एका शब्दापासून सुरू करा: उरूस. गावोगावी आपण उरुसाला जातो, संदल बघतो, पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ लग्न असा आहे, हे क्वचितच कुणी सांगतं. संताची पुण्यतिथी म्हणजे त्याचं लग्न, जिवाचं प्रियाशी मीलन. मृत्यूकडे असं बघणारा विचार पुस्तकातून नाही, रोजच्या साधनेतून येतो. शरीयत म्हणजे सर्वांसाठीचा रस्ता. तरीकत म्हणजे पीराच्या हाताखाली चालायची पायवाट. तिथे मुरीद, म्हणजे शिष्य, जिक्र करतो, म्हणजे नामाचं स्मरण, अनेकदा श्वासाशी बांधलेलं. या वाटेवर दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. मकाम म्हणजे कष्टाने मिळवलेली पायरी: पश्चात्ताप, सब्र म्हणजे धीर, तवक्कुल म्हणजे ईश्वरावर भरवसा. हाल म्हणजे कृपेने येणारी आणि निघून जाणारी अवस्था. एक कमवायची, दुसरी मिळायची. बहुतेक उत्तरांत हे दोन्ही एकत्र कालवलेले असतात.

फनाचं भाषांतर ‘नाश’ असं केलं की चुकतं. दिल्लीचे कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्याबद्दलची परंपरा पाहा. समा म्हणजे भक्तिसंगीताची मैफल चालू होती. गायकाने एक फारसी शेर म्हटला, ज्याचा अर्थ असा: समर्पणाच्या खंजिराने जे मारले गेले, त्यांना अज्ञातातून क्षणोक्षणी नवा जीव मिळतो. ते भान हरपले, काही दिवस त्याच अवस्थेत राहिले आणि 1235 मध्ये गेले. त्या एका शेरात फना आणि बका दोन्ही आहेत. ‘मी’पणा मरणं म्हणजे फना आणि त्यानंतर ईश्वराच्याच आधाराने उरणं म्हणजे बका. मेलेल्याला नवा जीव मिळतो, हे वाक्य सोडलं तर फना अर्धवट राहते.

वहदत-उल-वुजूद म्हणजे अस्तित्व एकच आहे. हा विचार इब्न अरबी यांच्याशी जोडला जातो, त्यांचा मृत्यू 1240 चा. लगेच ‘हे आपलं अद्वैतच’ असं लिहू नका. जवळीक आहे, पण त्यांच्याकडे जग मिथ्या नाही, ते परमसत्याचं प्रकटन आहे, आरशातल्या प्रतिबिंबासारखं. आणि साधक शेवटपर्यंत बंदाच, म्हणजे सेवकच, राहतो. पुढे 1624 मध्ये वारलेले शेख अहमद सरहिंदी यांनी याला उत्तर दिलं, वहदत-उश-शुहूद. त्यांचा दृष्टांत मला फार आवडतो: सूर्य उगवल्यावर तारे दिसत नाहीत म्हणून ते नसतात असं नव्हे. एकत्व अनुभवात आहे, अस्तित्वात नाही. फारसीत हाच फरक दोन छोट्या वाक्यांत धरला जातो: ‘हमा ऊस्त’, सगळं तोच आहे, आणि ‘हमा अज ऊस्त’, सगळं त्याच्यापासून आहे. परीक्षेत एवढा फरक नेमका लिहिलात तरी पुरे. आणि सगळे सूफी पहिल्या बाजूचे होते असं समजू नका. गुलबर्ग्याचे गेसूदराज चिश्ती असूनही इब्न अरबींच्या विचारांवर टीका करत.

चिश्तींची ओळख मात्र तत्त्वज्ञानापेक्षा वागण्यात आहे. दरबारापासून लांब राहायचं. न मागता आलेलं दान घ्यायचं आणि साठवून न ठेवता वाटून टाकायचं. चिश्ती संत बाबा फरीद यांना कुणी कात्री भेट दिली तेव्हा त्यांनी सुई मागितली, कापण्यापेक्षा शिवणं बरं म्हणून. समाबद्दल त्यांना विरोधही सोसावा लागला. गियासुद्दीन तुघलकाच्या काळात खुद्द निजामुद्दीनांना त्याबद्दल जाब विचारला गेला. सुहरावर्दी या दुसऱ्या सूफी पंथाचे लोक मात्र संपत्ती आणि सत्तेशी संबंध ठेवणं गैर मानत नसत. ‘सूफी म्हणजे राजसत्तेपासून दूर’ हे सरसकट विधान म्हणूनच टाळा.

दख्खनेत हा विचार घराघरात कसा पोचला? जात्यावरून. विजापूरच्या सूफी परंपरेतली दख्खनी भाषेतली चक्कीनामे बायका दळताना म्हणत. त्यात जात्याचा खुंटा अलिफ या उभ्या अरबी अक्षरासारखा, म्हणून अल्लाहची खूण, आणि मधला आस म्हणजे पैगंबर. पाळीच्या फेऱ्यांबरोबर नाम चालायचं. आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ज्याने ऐकल्यात त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पहाट तीच, हात तेच, दगडाची घरघर तीच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला तेव्हा ती वाट आपल्या भाषेत आली.

मग हे दोन विषय शेजारी का? मला विचाराल तर ‘दोन्ही एकतेचा संदेश देतात’ हे वाक्य लिहूच नका. सूत्रधाराने, म्हणजे मुख्य कारागिराने, देऊळ बांधलं ते देवाच्या मूर्तीसाठी, ठरलेल्या मापात. सूफीने खानकाह, म्हणजे आपला मठ, चालवली ती माणसाच्या मनावर काम करण्यासाठी. एकातून दुसरं निघालं असं दाखवणारा दुवा नाही आणि ओढूनताणून जोडला तर दोघांचाही अपमान होतो. शेजारीपण खरं आहे ते जागेचं आणि भाषेचं. एकाच घाटाच्या दोन टोकांना, त्याच काळ्या दगडावर, त्याच लोकांमध्ये दोन्ही परंपरा जगल्या. तेवढं नेमकं लिहा.

आणि जमलं तर एक दिवस जा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तो सोडून कुठलाही. सकाळी आधी खुलताबादला, दर्ग्यात शांत बसा, घाई करू नका. दुपारनंतर कैलासाला या, कारण ते पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि तेव्हाच ऊन समोरून पडतं. आत शिरण्याआधी बाजूच्या डोंगरावर चढा. वरून मंडपाच्या छतावरचं कमळ आणि सिंह दिसतील आणि विमान बरोबर नजरेच्या उंचीला येईल. वही काढा आणि वरच्या मजल्यावरचं कोपऱ्याचं कूट आधी काढा, मग शेजारची शाला.